'बेकायदा' कोण ठरवते? : अमेरिका–मेक्सिको सीमेची दीडशे वर्षे

१/ १९०४ च्या सुमारास अमेरिकेच्या स्थलांतर खात्याने मेक्सिकोच्या सीमेवर मोजके घोडेस्वार पहारेकरी नेमले. मेक्सिकन मजूर त्यांच्या डोळ्यांदेखत ये-जा करीत आणि त्यांना फारसे कोणी अडवीत नसे. पहारेकरी शोधत होते चिनी माणसांना. आज ज्या सीमेचे नाव काढताच 'बेकायदा मेक्सिकन' हे शब्द आठवतात, त्या सीमेवर सर्वप्रथम 'बेकायदा' ठरले ते चिनी. हे चित्र पालटले कसे, याचा हा धागा.

२/ आरंभी एक खुलासा. देशाने किती परकीयांना प्रवेश द्यावा, हा राजकीय प्रश्न आहे आणि त्यावर आपली मते भिन्न असू शकतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याचा प्रश्न निराळा आहे : लोक कायद्याबाहेरच्या वाटेने का येतात? 'गरिबी' हे उत्तर अपुरे पडते. गरिबी जगभर आहे, आणि बहुतेक गरीब माणसे आयुष्यभर आपला देश सोडत नाहीत. मग ठरावीक प्रदेशातून ठरावीक देशात, ठरावीक दशकांतच हा लोंढा का वाहतो?

३/ पदवीच्या परीक्षेत आम्ही स्थलांतराचे उत्तर दोन रकान्यांत लिहीत असू : ढकलणारे घटक आणि खेचणारे घटक. दुष्काळ, बेकारी, युद्ध एका बाजूला. मजुरी, सुरक्षितता, आप्तस्वकीय दुसऱ्या बाजूला. गुणही मिळत. पण या दोन रकान्यांतून फक्त स्थलांतर उलगडते. ते 'बेकायदा' का झाले, हे उलगडायला तिसरा रकाना लागतो : कायदा. कारण कायदा बदलला की तोच माणूस, तीच वाट आणि तेच काम एका रात्रीत गुन्हा ठरू शकते.

४/ प्रारंभ १८४८ पासून करू. ग्वादालुपे हिदाल्गोच्या तहाने अमेरिका–मेक्सिको युद्ध संपले आणि मेक्सिकोचा जवळपास निम्मा भूभाग, टेक्सास धरून, अमेरिकेकडे गेला. कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा आणि ॲरिझोनाचा बहुतांश भाग त्यातच आला. तेथे राहणारी सुमारे ८० हजार ते १ लाख मेक्सिकन माणसे जागची हलली नव्हती. सीमाच त्यांना ओलांडून गेली होती. दोन्ही तीरांवरचे नातेसंबंध, भाषा आणि बाजार मात्र पुढेही एकच राहिले.

५/ आता कायद्याकडे. १८७५ पर्यंत अमेरिकेत परकीयांना रोखणारा केंद्रीय कायदा जवळजवळ नव्हताच. रेल्वेमार्ग बांधायला चिनी मजूर आणले गेले. रूळ टाकून झाले आणि मंदी आली, तेव्हा तेच डोळ्यांत खुपू लागले. १८८२ च्या चिनी बहिष्कार कायद्याने चिनी मजुरांना प्रवेश बंद झाला. पण काम होते, आधी आलेले भाऊबंद होते, मजुरीही होती. दार बंद झाल्यावर लोक कॅनडा आणि मेक्सिकोमार्गे येऊ लागले. पहिल्या घोडेस्वारांचे मूळ हे.

६/ १८९२ च्या गिअरी कायद्याने अमेरिकेतील चिनी मजुरांना निवासाचा दाखला जवळ बाळगणे सक्तीचे केले. दाखला नसेल तर हद्दपारी. 'कागद नसलेला माणूस' ही कल्पना येथे जन्मते. ध्यानात घ्या, हा कागद सर्वांकडे मागितला जात नव्हता. एका वंशाच्या माणसांकडेच मागितला जात होता.

७/ याच काळात शेतीला आणि रेल्वेला मजूर हवेच होते. १८८४ मध्ये मेक्सिको शहर ते सीमेवरचे एल पासो हा लोहमार्ग पूर्ण झाला आणि मध्य मेक्सिकोतील खेडी अमेरिकेच्या श्रमबाजाराला जोडली गेली. पोर्फिरिओ दियासच्या राजवटीत खेड्यांच्या सामायिक जमिनी मोठ्या जमीनदारांकडे जात होत्या. १९१० मध्ये क्रांतीचा भडका उडाला. ढकलणारे आणि खेचणारे, दोन्ही रकाने भरले. अमेरिकी कंत्राटदारांचे दलाल तर मजूर गोळा करायला स्वतःहून येत.

८/ १९१७ च्या कायद्याने साक्षरतेची परीक्षा आणि ८ डॉलरचा प्रवेशकर लावला. त्याच वर्षी एल पासोच्या पुलावर मेक्सिकन मजुरांना कपडे उतरवून, उवा मारण्यासाठी अंगाला औषधे चोळून 'निर्जंतुक' केले जाऊ लागले. जानेवारी १९१७ मध्ये कार्मेलिता तोर्रेस या १७ वर्षांच्या मोलकरणीने त्याला नकार दिला आणि पुलावर मोठा उठाव झाला. आता विचार करा : पुलावर कर, परीक्षा आणि अवहेलना, थोड्या अंतरावर उथळ नदी. माणूस कोणती वाट धरील?

९/ याच १९१७ च्या कायद्याने एक 'निषिद्ध आशियाई क्षेत्र' आखले आणि त्यात भारत आला. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात ठरवले की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. मग सरकारने आधी नागरिकत्व मिळालेल्या भारतीयांचेही नागरिकत्व काढून घ्यायला सुरुवात केली.

१०/ सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णो दास बगाई त्यांपैकी एक. ते १९१५ मध्ये आले आणि १९२१ मध्ये नागरिक झाले. निकालानंतर नागरिकत्व गेले, मालमत्तेचे हक्क गेले. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्यांनी कुठलीही सीमा चोरून ओलांडली नव्हती. कायदा त्यांच्या अंगावरून चालत गेला, इतकेच. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही हीच पाळी आली. ते न्यायालयात लढले आणि १९२७ मध्ये त्यांचे नागरिकत्व टिकले. त्यानंतर असे खटले थंडावले.

११/ १९२४ चा जॉन्सन–रीड कायदा या इतिहासाचा बिजागर होय. प्रत्येक देशाला १८९० च्या जनगणनेतील त्या देशाच्या लोकसंख्येच्या २ टक्के इतकाच वाटा ठरला. १८९० हे वर्ष का? कारण इटालियन, ज्यू आणि पोलिश लोकांची मोठी लाट त्यानंतरची होती. मेक्सिको मात्र या मर्यादेतून वगळला गेला. नैर्ऋत्येकडील शेतमालकांचा आग्रह होता : मजूर तर हवेत. त्याच वर्षी, मे १९२४ मध्ये, सीमा गस्तीदल स्थापन झाले.

१२/ या विसंगतीवर क्षणभर थांबू. मेक्सिकनांवर संख्येची मर्यादा नाही. पण कर, परीक्षा, व्हिसाशुल्क आणि गस्त आहे. म्हणजे मजूर येऊ शकतो, पण पुष्कळदा कागदाविना येतो. १९२९ मध्ये सिनेटर कोलमन ब्लीझ यांच्या पुढाकाराने विनापरवाना प्रवेश हा फौजदारी गुन्हा झाला. इतिहासकार मे न्गाय यांनी दाखवून दिले आहे की 'बेकायदा परकीय' हा राजकीय आणि कायदेशीर वर्ग याच काळात आकाराला आला. माणसे तीच होती. त्यांच्यासाठी खाते नवे उघडले गेले.

१३/ १९२९ अखेरीस महामंदी आली आणि मजूर नकोसे झाले. पुढील काही वर्षांत लाखो मेक्सिकन माणसांना धाकाने, दबावाने किंवा फुकट रेल्वे तिकिटे देऊन मेक्सिकोत पाठवण्यात आले. त्यांत मोठ्या संख्येने अमेरिकेतच जन्मलेली, म्हणजे जन्माने अमेरिकी नागरिक असलेली मुले होती. गरज असेल तेव्हा आवतण, गरज सरली की हाकालपट्टी, हा क्रम पुढे वारंवार दिसेल.

१४/ क्रम पुन्हा फिरला तो दुसऱ्या महायुद्धात. ऑगस्ट १९४२ मध्ये दोन्ही सरकारांनी 'ब्रासेरो' करार केला. स्पॅनिशमध्ये 'ब्रासो' म्हणजे बाहू. ब्रासेरो म्हणजे बाहुबळावर राबणारा. नावातच अपेक्षा स्पष्ट होती : हात हवेत, माणूस नको. हंगामापुरता करार, मग परत गावी. युद्ध १९४५ मध्ये संपले. ही योजना १९६४ पर्यंत चालली. २२ वर्षांत सुमारे ४६ लाख करार झाले.

१५/ करारावर किमान मजुरी, निवास आणि अन्न यांची हमी होती. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी कोंदट बराकी, कापलेली मजुरी आणि सीमेवर अंगावर डीडीटीची फवारणी. आरंभीच्या वर्षांत मजुरीतून १० टक्के 'बचत' कापली जाई. ती अनेकांच्या हाती कधीच पडली नाही. टेक्सासमधील भेदभावामुळे मेक्सिको सरकारने सुरुवातीला तेथे मजूर पाठवायलाच नकार दिला होता. टेक्सासच्या मालकांनी मग कागदाविना आलेल्यांना कामावर ठेवले.

१६/ येथे एक अनपेक्षित परिणाम दिसतो. कायदेशीर योजनेने बेकायदा स्थलांतर थांबले नाही. दोन्ही सोबत वाढले. करार मिळवायला इच्छुकांची रांग मोठी आणि जागा थोड्या. भरती केंद्रावर लाच द्यावी लागे. ज्याला करार मिळाला नाही, तो नदी ओलांडून त्याच शेतावर जाई. मालकालाही ते सोयीचे : ना हमी, ना शुल्क. ४६ लाख करारांच्या या काळात जवळपास तितक्याच वेळा विनापरवाना माणसे पकडली गेली.

१७/ १९५२ च्या कायद्याने विनापरवाना परकीयाला आश्रय देणे गुन्हा ठरवले. पण त्यात एक पुरवणी घातली गेली, जिला 'टेक्सास सवलत' म्हणतात : कामावर ठेवणे म्हणजे आश्रय देणे नव्हे! येणारा गुन्हेगार, त्याला राबवणारा निर्दोष. ही पळवाट १९८६ पर्यंत, म्हणजे ३४ वर्षे, उघडी होती. बेकायदा स्थलांतराची कारणे शोधताना आपण सीमेवरील कुंपणाकडे पाहतो. कारण कित्येकदा कायद्याच्या एका उपकलमात दडलेले असते.

१८/ १९५४ मध्ये स्थलांतर खात्याचे प्रमुख जोसेफ स्विंग यांनी लष्करी थाटाची मोहीम काढली. तिचे अधिकृत नावच नदी पोहून येणाऱ्यांना हिणवणाऱ्या शिवीवरून ठेवले होते. १० लाखांहून अधिक लोक परत पाठवल्याचा सरकारी दावा इतिहासकार फुगवलेला मानतात. तथापि संख्या घटली हे खरे. त्यामागचे कमी सांगितले जाणारे कारण असे की त्याच सुमारास ब्रासेरो करार मोठ्या प्रमाणावर वाढवले गेले. १९५६ मध्ये ते ४ लाख ४० हजारांच्या वर होते. धाकासोबत कायदेशीर दारही रुंद झाले होते.

१९/ आता या कथेतील सर्वांत अवघड वळण. सप्टेंबर १९६३ मध्ये कॅलिफोर्नियातील चुआलार येथे मजुरांनी भरलेल्या वाहनाला रेल्वेगाडीने धडक दिली आणि ३२ जण ठार झाले. ब्रासेरो योजनेवर आधीपासून टीका होत होती : कामगार संघटना, चर्च, उदारमतवादी नेते, सारेच तिला शोषण म्हणत. त्यांचे म्हणणे खरे होते. डिसेंबर १९६४ मध्ये योजना बंद झाली. त्यानंतर वर्षभराच्या आतच द्राक्षमळ्यांत संप पेटला आणि सेसार चावेस यांचे नेतृत्व देशभर पोहोचले. मजुरांची सौदाशक्ती वाढली, हा त्याचा खरा लाभ.

२०/ परंतु १९६५ मध्ये हार्ट–सेलर कायदा आला. वंशभेदी कोटे रद्द करणारा हा ऐतिहासिक कायदा; पुढे अमेरिकेत मोठ्या संख्येने गेलेल्या मराठी अभियंत्यांना आणि डॉक्टरांना दार उघडले ते यानेच. मात्र समतेच्या तत्त्वानुसार आता अमेरिका खंडातील देशांवरही प्रथमच मर्यादा आली : १९६८ पासून सर्व मिळून १ लाख २० हजार, आणि १९७६ च्या दुरुस्तीने प्रत्येक देशाला वर्षाला २० हजार. नागरिकांचे जवळचे नातलग तेवढे त्याबाहेर.

२१/ आकडे समोरासमोर ठेवू. समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी यांच्या मांडणीनुसार १९५० च्या दशकाच्या अखेरीस मेक्सिकोतून वर्षाला सुमारे ४ लाख ५० हजार माणसे हंगामी करारावर आणि ५० हजार कायम वास्तव्यासाठी कायदेशीरपणे येत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस हंगामी दार बंद होते आणि कायम दाराला २० हजारांचे कुलूप. शेते तीच, मालक तेच, मजुरांची गावेही तीच. १९६५ मध्ये विनापरवाना पकडलेल्यांची संख्या सुमारे १ लाख १० हजार होती. १९७७ मध्ये ती १० लाखांवर गेली.

२२/ शोषण थांबवणारा निर्णय आणि वंशभेद संपवणारा कायदा, दोन्ही सद्हेतूने झाले. दोहोंच्या जोडीने लाखो मजूर अवैधतेत ढकलले गेले. म्हणूनच 'खलनायक कोण?' हा प्रश्न या इतिहासाला लागू पडत नाही. वीस वर्षांत जी वाट सरकारनेच मळवली होती, ती एका सहीने बंद झाली. पण वाट पायांना पाठ झालेली होती. कोणत्या गावचा माणूस कोणत्या मळ्यावर जाईल, हे मामाने भाच्याला सांगून ठेवलेले होते.

२३/ १९८२ मध्ये मेक्सिको कर्जसंकटात सापडला, पेसो कोसळला. १९८६ मध्ये रोनाल्ड रीगन यांनी नव्या कायद्यावर सही केली : सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला आणि 'जाणूनबुजून' विनापरवाना माणसाला कामावर ठेवणे प्रथमच गुन्हा झाले. पण कागद वरवर खरे दिसले की मालकाची जबाबदारी संपे. परिणाम? खोट्या कागदांचा बाजार तेजीत. आणि भविष्यात लागणाऱ्या मजुरांसाठी पुरेसे कायदेशीर दार त्या कायद्यातही नव्हतेच.

२४/ १ जानेवारी १९९४ रोजी नाफ्टा करार लागू झाला. वस्तू आणि भांडवल यांना सीमा सैल झाली, श्रमाला नाही. अनुदान मिळणारा अमेरिकी मका स्वस्तात मेक्सिकोत आला. ज्या देशाने जगाला मका दिला, तेथील लहान शेतकऱ्याला तो पिकवणे परवडेना. १९९२ मध्येच घटनादुरुस्तीने सामायिक 'एहिदो' जमिनी विक्रीयोग्य झाल्या होत्या. डिसेंबर १९९४ मध्ये पेसो पुन्हा गडगडला. केवळ मक्यामुळे किती जण निघाले यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. खेड्यांवरच्या ताणाविषयी नाहीत.

२५/ मक्यावरून एक मराठी माणूस आठवतो. वर्ध्याचे गदर क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे. ब्रिटिशांना नकोसे झालेले, मायदेशी परतण्याची वाट बंद झालेले खानखोजे १९२४ मध्ये मेक्सिकोला पोहोचले. हेच ते वर्ष, ज्यात अमेरिकेने आशियाई लोकांना दार जवळपास पुरते लावले. मेक्सिकोने त्यांना चापिंगोच्या कृषी विद्यालयात अध्यापक केले. मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या; दिएगो रिवेराने त्यांना भित्तिचित्रात रंगवले. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात त्यांचे निधन झाले. एका देशाला नको असलेला परका दुसऱ्याच्या शेतीचा शिक्षक झाला.

२६/ पुन्हा सीमेकडे. १९९३ मध्ये एल पासो आणि ऑक्टोबर १९९४ मध्ये सॅन दिएगो येथे मोठे बंदोबस्त झाले. शहरांजवळचे मार्ग बंद झाले आणि लोक ॲरिझोनाच्या वाळवंटाकडे वळले. 'कोयोते', म्हणजे सीमा पार करून देणारे दलाल, यांचे दर चढले. १९९८ पासूनच्या दोन दशकांत गस्तीदलाने सीमेवर ७ हजारांहून अधिक मृत्यूंची नोंद केली. हे फक्त सापडलेले मृतदेह.

२७/ आणि आणखी एक उलटा परिणाम. पूर्वी पुरुष हंगामाला येत आणि घरी परतत. आता पुन्हा येणे महाग आणि जिवावरचे झाल्यामुळे आलेला माणूस परतेनासा झाला. त्याने कुटुंबालाच बोलावून घेतले. १९९० मध्ये कागदाविना राहणाऱ्यांची संख्या सुमारे ३५ लाख होती, २००७ मध्ये ती सुमारे १ कोटी २२ लाख झाली. कुंपणाने काहींना बाहेर रोखले, पण आत आलेल्यांना आतच कोंडले.

२८/ २००७ नंतर मेक्सिकनांचा ओघ ओसरला. अमेरिकेतील मंदी हे एक कारण, दुसरे लोकसंख्येचे. १९६० च्या दशकात मेक्सिकोत एका स्त्रीला सरासरी सहा-सात मुले होत. नंतर ती संख्या दोनच्या आसपास उतरली. सीमेकडे निघणारे तरुणच कमी झाले. त्यानंतरच्या लाटा मुख्यतः मध्य अमेरिकेतून आणि इतर देशांतून आल्या. शिवाय विनापरवाना राहणाऱ्यांतील मोठा हिस्सा भिंत ओलांडून येतच नाही. तो व्हिसा घेऊन विमानाने येतो आणि मुदत संपल्यावर राहून जातो.

२९/ आता तीन रकाने एकत्र वाचू. मेक्सिकोतील जमीन, क्रांती, कर्ज आणि मका यांनी माणसे उठवली. अमेरिकेतील मळे, रेल्वे आणि मालक यांनी ती बोलावली. आणि मागणीशी कधीच न जुळलेल्या कायद्याने त्यांना 'बेकायदा' केले. एक रकाना वगळला की उत्तर चुकते. फक्त पहिला वाचणारा म्हणतो, 'त्यांचा देशच वाईट'. फक्त तिसरा वाचणारा म्हणतो, 'कायदाच क्रूर'. दुसरा रकाना मात्र सगळ्यांच्याच नजरेतून निसटतो, कारण त्यात आपल्या ताटातली स्वस्त फळे असतात.

३०/ मित्रहो, ही दीडशे वर्षांची कथा अमेरिकेची आहे. ती जशीच्या तशी दुसऱ्या सीमेवर चिकटवू नये. प्रत्येक सीमेचा इतिहास वेगळा असतो. पण पुढच्या वेळी बातमीत 'बेकायदा' हा शब्द वाचाल, तेव्हा तीन प्रश्न विचारून पाहा. हा माणूस कालपर्यंत कायदेशीर होता का? त्याला बोलावले कोणी? आणि दार बंद झाले तेव्हा काम बंद झाले होते का? वैष्णो दास बगाईंच्या आयुष्यात हे प्रश्न वेळेवर कोणी विचारले नाहीत.

धागा समाप्त. शंका, दुरुस्त्या आणि मतभेद खाली अवश्य लिहा.